एक बाळ म्हणजे आठ

बदलापूर सोडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागलं की सहा-सात किलोमीटरवर आमचं उपकेंद्र होतं. उपकेंद्र म्हणजे फार काही मनात आणू नका. दोन खोल्या, एक टेबल, एक कपाट, आणि मागच्या खोलीत मी. सरकारी कागदावर मी 'सहाय्यक परिचारिका', पाड्यांवर 'नर्सबाई', आणि रागावलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी 'ती सुईवाली'. नाव अंजना. एक्याऐंशी साली तिथं गेले, चौऱ्याण्णवला बदली झाली. त्या तेरा वर्षांत किती बाळंतपणं केली, किती सुया टोचल्या, सगळं मला अजून तोंडपाठ आहे. आकड्यांत मी पहिल्यापासून हुशार. त्या हुशारीचा मला फार गर्व होता, आणि तोच मला नडला.

आधी एक आकडा समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. अर्भक मृत्युदर. वर्षभरात हजार बाळं जिवंत जन्मली, तर त्यातली किती वर्षाची व्हायच्या आत गेली, तो हा दर. जन्मदर, मातामृत्यू, टोचलेली मुलं, असे आणखीही आकडे असतात, पण साहेब लोक आधी हा बघतात. ह्या एका आकड्यावरून अख्ख्या देशाची तब्येत कळते म्हणे. माझ्या पाच पाड्यांत मिळून वर्षाला हजार कुठून जन्मणार? सव्वाशेच्या आसपास जन्मायची. म्हणजे माझ्याकडं एक बाळ गेलं की दर आठानं चढायचा. एक बाळ म्हणजे आठ, असा हिशोब मी डोक्यात पक्का करून ठेवला होता.

आणि एक नियम. बाळ जन्मून रडलं, श्वास घेतला, हात हलवला, आणि मग गेलं, अगदी दोन मिनिटांनी गेलं, तरी तो अर्भक मृत्यू. पोटातूनच मेलेलं आलं, तर तो मृतजन्म. मृतजन्माचा रकाना वेगळा, आणि तो ह्या दरात धरत नाहीत.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलची गोष्ट. द्रौपदीबाईंच्या घरात लगीनघाई होती. त्यांचा धाकटा मुलगा किसन बोहल्यावर चढणार होता. गुरुवारचं लग्न, बुधवारी हळद. आणि थोरली सून तुळशी नऊ महिन्यांची पोटुशी. पहिलटकरीण, पण माहेरी गेली नव्हती, कारण लग्नघरातलं काम कोण करणार? तिची तारीख पंधरा दिवस पुढची आहे असं मीच तपासून सांगितलं होतं.

द्रौपदीबाईंचं घर मला जवळचं. आम्ही अंबरनाथचे बौद्ध. पाड्यावर पहिल्या वर्षी मला ओटीवरच्या वेगळ्या पेल्यात चहा मिळायचा, पेला मीच धुवून पालथा घालायचा. हे काही नवीन नव्हतं, मी गप्प बसून चहा प्यायचे. द्रौपदीबाईंची गाय अडली तेव्हा मीच बाही वर करून वासरू सोडवलं होतं, आणि त्यानंतर त्यांनी मला घरात बोलावून कपात चहा दिला. तेव्हापासून साऱ्या पाड्यावर मला कपात चहा मिळायला लागला. त्यांचा शब्द तिथं तसा चालायचा.

परिचारिकेनं मुख्यालयी राहायचं, हा सरकारचा नियम. मुख्यालय म्हणजे ती मागची खोली. त्या शनिवारी संध्याकाळी मी कुलूप लावलं आणि रजा न टाकता अंबरनाथला घरी गेले. काही मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, कुणाला सांगता आलं असतं. कारण काहीच नव्हतं. रविवारी घरी मटण होतं, भावाची मुलं आली होती, आणि मला त्या खोलीचा कंटाळा आला होता. सोमवारी सकाळच्या एसटीनं परत येऊ, कुणाला कळतंय, असा विचार केला.

सोमवारी साडेनऊला एसटीतून उतरले, तर दाराशी किसन उभा. नवरदेवाचे डोळे लाल.

"बाई, पहाटं धरून तीन खेपा घातल्या. कुलूप. कुठं व्हतात?"

मी कुलूप काढून आत गेले. पिशवी उचलली आणि त्याच्यामागून निघाले. त्या पिशवीत बाळाच्या नाकातोंडातला चिकटा ओढून काढायची रबरी नळी होती. दोन दिवस ती कुलपात होती.

पोचले तेव्हा सगळं झालं होतं. मागच्या अंगणात दोन माणसं फावडं घेऊन बसली होती, माझ्यासाठी थांबलेली. नर्सबाईनं पाहिल्याशिवाय पुरायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मधल्या खोलीत गोजरबाई दाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर सुपात फडक्यात गुंडाळलेलं बाळ. द्रौपदीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मी काही विचारायच्या आतच सांगितलं.

"मेलेलंच आलं बाई. रडलं नाय."

मी फडकं थोडं बाजूला केलं. नाळ काळ्या दोऱ्यानं दोनदा बांधून मधोमध कापलेली होती. ओठाच्या कडेला मधाचा डाग होता. मेलेल्या बाळाची नाळ अशी काळजीनं कोण बांधतं? त्याला मध कोण चाटवतं? मी गोजरबाईकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली. नंतर विहिरीवर तिनं मला सगळं सांगितलं. उजाडताना जन्मलं, दोनदा रडलं, मग छातीत घरघर लागली. साडेआठपर्यंत होतं. तिनं पदरानं तोंड पुसून पाहिलं, पालथं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. तिच्याकडं नळी नव्हती.

"बाई," द्रौपदीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "रडलेलं पोर गेलं तर अख्ख्या भावकीला सुतक. गुरवारचं लगीन ऱ्हातंय. मांडवाचं बांबू आलं, व्याह्यांकडं निरोप गेले. मेलेलं आलं तर बाळंतिणीला काय सुतक लागायचं ते लागंल. आता तुम्हीच बघा."

माझ्या वडिलांनी दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात सुतक हा शब्दच नाही. दुसरी वेळ असती तर मी द्रौपदीबाईंना चार शब्द सुनावले असते, माझं तोंड काही मऊ नव्हतं. पण खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. अर्भक मृत्यू लिहिला की चौकशीचा फॉर्म आला. आणि त्या फॉर्ममध्ये पहिल्याच पानावर होतं: प्रसूतीच्या वेळी परिचारिका मुख्यालयी हजर होती काय? मृतजन्माला फॉर्म नव्हता. त्या बाईला लग्न वाचवायचं होतं आणि मला नोकरी. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि आणखी काही बोलावं लागलं नाही.

तुळशी पलीकडच्या कोपऱ्यात लुगड्याच्या आडोशाला होती. मी तिचं पोट तपासायला गेले. तिनं माझा हात धरला.

"बाई, रडलं ना वो ते. दोन बारीनं रडलं. मला कोन देत नाय बघाया. तुमी वहीत लिवा, रडलं म्हनून."

बाहेर द्रौपदीबाईंची सावली दिसत होती. मी तुळशीच्या कपाळावर हात ठेवला, आणि जितकं मऊ बोलता येईल तितकं मऊ बोलले.

"नाही गं तुळशी. रडलं नाही. बाळंतपणात असा भ्रम होतो बाईला. कानात आवाज येतात. पहिल्या खेपेला तर होतोच."

तिनं हात सोडला. माझ्यावर तिचा विश्वास होता. सासूचा शब्द तिनं मानला नसता, पण मी शिकलेली, सरकारची.

लग्न गुरुवारी झालं. मला आहेराचं पातळ आलं, ते मी घेतलं. वहीत मृतजन्माच्या रकान्यात नोंद केली. पेन जराही अडलं नाही.

वर्ष संपलं तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात सगळ्या उपकेंद्रांची बैठक झाली. डॉक्टरसाहेबांनी भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर आमचे दर खडूनं लिहिले होते. माझ्याकडं जिवंत जन्म एकशेपंचवीस, मृत्यू सात. दर छप्पन्न. सन दोन हजारपर्यंत देशानं साठच्या खाली यायचं, असं दिल्लीत ठरलं होतं. आणि मी सोळा वर्षं आधीच आले! टाळ्या वाजल्या, मला भिंतीवरचं घड्याळ बक्षीस मिळालं. तुळशीचं बाळ धरलं असतं तर दर साडेत्रेसष्ट झाला असता. मी टाळ्या चालू असतानाच मनात तो भागाकार करून पाहिला. मला आकडे असे आपोआप सुचतात, त्याला मी काय करू?

मग तो छप्पन्न तालुक्याच्या बेरजेत गेला, तिथून जिल्ह्याच्या, तिथून राज्याच्या. वर कुणीतरी तो वाचून समाधानानं मान हलवली असेल. पुढच्या वर्षी दाईंसाठी शिबिरं निघाली. स्वच्छ पाती, दोरा, चिकटा ओढायची नळी असलेली पेटी प्रत्येक दाईला मिळणार होती. ज्यांचा आकडा वाईट त्यांना ती आधी. आमचा आकडा चांगला, म्हणून आमचा नंबर शेवटी. गोजरबाईला पेटी सत्त्याऐंशी साली मिळाली. मधल्या काळात घरघर लागून आणखी दोन बाळं गेली. ती दोन्ही मी खरी लिहिली, फॉर्म भरले, कारण त्या दोन्ही वेळा मी मुख्यालयी हजर होते, निरोपच उशिरा आला होता. मला माझ्या खरेपणाचं किती कौतुक वाटलं होतं, सांगायलाही लाज वाटते.

तुळशीनं तो विषय एकदाच काढला. त्याच वर्षी दिवाळीनंतर तिला पुन्हा दिवस गेले होते, धनुर्वाताची सुई घ्यायला आली होती. बाही खाली करता करता म्हणाली, "बाई, भ्रम एवढा खरा असतोय का वो?"

"असतो," मी म्हटलं, आणि पुढच्या बाईला हाक मारली.

तिला पुढे दोन मुलं झाली, आधी मुलगी, मग मुलगा. दोन्ही बाळंतपणांना मी आदल्या रात्रीपासून तिच्या उशाशी बसून होते. लोक म्हणायचे, नर्सबाईंचा तुळशीवर फार जीव. चोराच्या मनात चांदणं, ते त्यांना काय माहीत. मी त्या दिवसानंतर रजेशिवाय एकदाही अंबरनाथला गेले नाही. त्यानं काय भरून निघालं? काही नाही.

त्र्याण्णव साली मोठं सर्वेक्षण निघालं. देशभर बायकांना घरोघरी जाऊन विचारायचं: किती मुलं झाली, किती आहेत, किती गेली, काय खाता, कुठं बाळंत होता. नोंदवह्यांवर भागत नाही, आईलाच विचारलं पाहिजे, असं वरच्यांना कळलं होतं. आमच्या पाड्याचं नाव चिठ्ठीत निघालं. पुण्याहून एक मुलगी आली, पंचविशीची, सलवार-कमीजमधली, खांद्यावर बॅग आणि हातात जाडजूड छापील फॉर्म. घरं दाखवायला तिच्याबरोबर मी. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तुळशीच्या ओटीवर जाऊन बसलो.

द्रौपदीबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्यांना आता ऐकू कमी येत होतं. ती मुलगी एकेक प्रश्न वाचत होती, तुळशी उत्तरं देत होती. मुलं किती? दोन. दोन्ही जवळ असतात? हो. जन्मून नंतर गेलेलं एखादं मूल? नाय.

मला वाटलं, संपलं. पण फॉर्ममध्ये खाली आणखी एक ओळ होती. 'नाही' म्हटलं तरी पुन्हा विचारायचं, असं तिथं छापलेलंच होतं. त्या मुलीनं ते सावकाश वाचलं.

"असं एखादं बाळ झालं का ताई, की जे जन्मल्यावर रडलं, किंवा जिवंत असल्याची काही खूण दिसली, पण थोडेच तास किंवा थोडेच दिवस जगलं?"

 दिल्लीतल्या कुण्या माणसाला, ज्यानं आमचा पाडा कधी पाहिला नव्हता, हे ठाऊक होतं! आई पहिल्यांदा नाही म्हणेल, तिला पुन्हा विचारा, एवढं त्याला कळत होतं. मी तिथं नऊ वर्षं शेजारी राहून एकदाही विचारलं नव्हतं.

तुळशी शांतपणे म्हणाली, "नाय. पैलं एक झालेलं, पन मेलेलंच आलं. मला वाटायचं रडलं म्हनून. पन तो भ्रम. बाळंतपनात व्हतो तसा."

माझेच शब्द. त्यांत आता शंकेचा लवलेशही नव्हता.

"रडलं होतं," मी म्हटलं. "लिहा. रडलं होतं ते."

ती मुलगी माझ्याकडं वळली. "सिस्टर, प्लीज. तुम्ही मधे बोलू नका. त्यांनी स्वतः सांगितलं तेच लिहायचं असतं." आणि पुन्हा तुळशीकडं पाहून तिनं विचारलं, "ताई, तुमचं काय म्हणणं? रडलं होतं का?"

तुळशीनं माझ्याकडं पाहिलं.  मग मान हलवली. "नाय. नाय लिवा."

त्या मुलीनं गेलेले मुलगे, गेलेल्या मुली, अशा दोन चौकोनांत दोन शून्यं लिहिली. तिची काही चूक नव्हती, तिचं काम तिनं नियमानं केलं. अर्ध्या तासानं फॉर्म संपला आणि ती पुढच्या घरी गेली. मी उठले नाही. तुळशीनं मला पाणी आणून दिलं आणि समोर बसली.

मी सगळं सांगितलं. नाळेचा दोरा, मधाचा डाग, गोजरबाईनं विहिरीवर सांगितलेलं. उजाडल्यापासून साडेआठपर्यंत. कुलूप, अंबरनाथ, मटण. काही म्हणजे काही गाळलं नाही. मी रडले नाही, मला तो हक्क नव्हता. माफी मागितली का? मागितली. शब्द तोंडातून निघाल्याबरोबर ते किती हलके आहेत ते मला कळलं.

 तुळशीचे हात मांडीवर तसेच होते.

"म्हनजी भ्रम नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

"नऊ वर्सं मी सोताला येडी समजत व्हते. रात्री कधी आवाज यायचा, तर कानात कापूस घालून झोपायची."

मी रस्त्याकडं हात केला. म्हटलं, "मी त्या मुलीला परत बोलावते. ती खोडून नीट लिहील. तू फक्त सांग तिला."

"आता लिवून काय?" तिनं मला थांबवलं. मग अंगणाकडं एकदा पाहून, पुढं सरकून, अगदी हळू विचारलं, "बाई, तुमी तर पायलेलं त्याला. पोरगा व्हता का पोरगी?"

 मला दोऱ्याचा रंग आठवत होता. त्याचे दोन वेढे आठवत होते. फडक्याच्या कडेची हिरवी नक्षी आठवत होती. त्या वर्षीचे एकशेपंचवीस आणि सात आठवत होते. हे आठवत नव्हतं. मी डोळे मिटून पाहिलं, तरी नाही.

"आठवत नाही गं," मी म्हटलं. त्या दिवशी मला खोटं बोलायचं नव्हतं.

"वहीत असंल ना?"

"नाही. मेलेल्याला त्या वहीत नुसती रेघ मारायची असते."

तिनं मान डोलावली. रागावली असती, ओरडली असती, मला घरातून हाकललं असतं, तर मी तिचे पाय धरले असते. पण ती विचार करत होती. एखादी हरवलेली वस्तू कुठं ठेवली असेल ते शोधावं तशी कपाळाला आठी घालून विचार करत होती. मागून सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता.

"पोरगीच असंल," ती शेवटी म्हणाली. "पोरगा असता तर सासूनं लगीन मोडलं असतं."